परदेशी निधीतून वस्तीपातळीवरची एचआयव्ही सेवा कशी उभी करावी

एचआयव्हीची औषधं सरकार फुकट देतं. १ एप्रिल २००४ पासून देतं, आणि सुरुवातीच्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. २०१७ पासून तर सीडीफोर (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) कितीही असो, तपासणी पॉझिटिव्ह आली की उपचार सुरू होतात. मग परदेशी संस्थेचा पैसा हवा कशाला? एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र, आणि घर यांच्यामधल्या रस्त्यासाठी. तारीख चुकलेल्या माणसाला फोन कोणी करायचा, सांगली जिल्ह्यातल्या जतच्या पुढच्या वस्तीवर कोणी जायचं, सासरी न सांगता गोळी घेणाऱ्या सुनेशी बोलायला निवांत अर्धा तास कोणाकडे आहे, हे प्रश्न सरकारी खिडकीवर सुटत नाहीत. तिथल्या समुपदेशकापुढे रांग असते.

ग्लोबल फंड या एड्स, टीबी, मलेरियासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीच्या मदतीने २०१३ पासून देशभर चाललेली 'विहान' काळजी व आधार केंद्रं याच तत्त्वावर उभी राहिली: औषध सरकारचं, माणसं समुदायातली, पगार आणि प्रवास भागीदारीतला. छोट्या संस्थेला किंवा पॉझिटिव्ह लोकांच्या नेटवर्कला परदेशी भागीदार मिळत असेल तर घडी हीच ठेवावी. पुढचं सगळं त्या दृष्टीने लिहिलं आहे.

आधी काय मागू नये

एआरटीच्या गोळ्या, स्वतःची प्रयोगशाळा, स्वतंत्र दवाखाना यांसाठी पैसे मागू नका, देऊ केले तरी विचार करून घ्या. तुमच्या कपाटातून गोळ्या घेणाऱ्याचं नाव सरकारी रजिस्टरमध्ये नसतं. प्रकल्प संपला की त्याला नोंदणी क्रमांकापासून सुरुवात करावी लागते, आणि मधल्या खंडात विषाणू वाढतो.

पोषण किटचंही तसंच. भागीदारांना किट आवडतं, फोटो छान येतो. पण वर्षभर डाळ-तेल देऊन थांबलं की घराचं गणित आणखी बिघडतं. त्याच पैशात एक कागदपत्रं करणारा माणूस ठेवा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्ही-एड्स असलेली व्यक्ती बसते, महिन्याला १,५०० रुपये मिळतात; पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये असल्याने बहुतेक अर्ज तलाठ्याच्या दाखल्यापाशी अडतात. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. ही प्रकरणं मंजूर झाली तर प्रकल्पानंतरही चालू राहतात.

भाग आणि माणसं ठरवणं

जिल्हा घेऊ नका, एक एआरटी सेंटर आणि त्याची लिंक एआरटी केंद्रं (त्याला जोडलेली, गोळ्या देणारी छोटी केंद्रं) घ्या. तिथल्या डेटा मॅनेजरकडून पाच आकडे मागा, नावं नकोत: सध्या उपचारावर किती, गेल्या महिन्यात तारीख किती जणांची चुकली, वर्षभरात किती जण उपचारातून सुटले, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंची मोजणी) करायचा राहिलेले किती, आणि व्हायरल लोड १,००० च्या वर आलेले किती.

या आकड्यांवरून माणसं काढता येतात. समजा १,४०० जण उपचारावर आहेत आणि महिन्याला ९० जणांची तारीख चुकते. त्यातले ६० फोनवरच येतात, ३० जणांकडे जावं लागतं. वाढलेल्या व्हायरल लोडचे २५, नव्याने गोळी सुरू झालेले ४०. म्हणजे महिन्याला ९५ भेटी. ग्रामीण भागात एक कार्यकर्ता दिवसाला चार घरं नीट करतो, महिन्यात क्षेत्रातले दिवस १८ धरा, म्हणजे ७२ भेटी. दोन माणसं लागतात. प्रस्तावात पाच लिहिली की भागीदार दोन वर्षांनी 'प्रति भेट खर्च' काढतो आणि तुम्ही महाग ठरता.

दोघांपैकी एक तरी स्वतः एचआयव्हीसह जगणारी असावी, आणि एक तरी बाई असावी. जत तालुक्यात कन्नड, सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारं कोणी असलं तर निम्मं काम तिथेच होतं. 'स्वयंसेवक' म्हणून प्रवासखर्चावर राबवू नका. बिनपगारी माणूस सहा महिन्यांत गळतो आणि जाताना ५० घरांची माहिती डोक्यात घेऊन जातो.

पैसा देशात येण्याआधी

बहुतेक भागीदाऱ्या इथेच अडतात, आणि तेही करार झाल्यावर.

विदेशी योगदान नियमन कायदा २०१० चा आहे, पण कामाचे बदल सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीत झाले. पहिला: परदेशातून आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी एक मोठी संस्था निधी घेऊन पाच छोट्या नेटवर्कना वाटत असे. आता तिने आपल्याच नावावर माणसं नेमायची किंवा प्रत्येक नेटवर्कने या कायद्याखाली स्वतःची नोंदणी काढायची. परदेशी भागीदाराला हे बहुधा ठाऊक नसतं. आफ्रिकेतल्या कामाचा नमुना तो तसाच पाठवतो आणि त्यात 'उप-अनुदान' असा तक्ता असतो. तो तक्ता पहिल्याच बैठकीत काढून टाका.

दुसरा: पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात येतो. तिथून तुमच्या गावातल्या बँकेत खर्चाचं खातं उघडता येतं, पण त्या खात्यात स्थानिक देणगीचा एक रुपयाही मिसळू नका. या पैशावरचं व्याजसुद्धा विदेशी योगदानच धरलं जातं.

तिसरा: प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. पूर्वी ५० टक्के चालत. पण सगळे पगार प्रशासनात मोडत नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा पगार कार्यक्रम खर्च धरला जातो. म्हणून नेमणूक पत्रात 'क्षेत्र समन्वयक' असं मोघम पद न लिहिता 'घरभेट व उपचार पाठपुरावा कार्यकर्ता' असं लिहा, कामाचं वर्णन जोडा, आणि अंदाजपत्रक पाठवण्याआधी सीएकडून प्रत्येक ओळ कुठे पडते ते ठरवून घ्या. लेखापरीक्षणाच्या वेळी पदनाम बदलता येत नाही.

चौथा: लोकसेवकाला हा पैसा देता येत नाही. एआरटी सेंटरच्या समुपदेशकाला रविवारच्या शिबिराचं मानधन द्यावंसं वाटतं, हेतूही चांगला असतो; देऊ नका.

नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं चाललेली असावी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावेत. तेवढं नसेल तर विशिष्ट दात्याच्या विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगीचा अर्ज करा. नोंदणी पाच वर्षं टिकते. नूतनीकरण शेवटच्या आठवड्यावर ठेवलं तर निर्णय येईपर्यंत खातं गोठतं आणि पगार थांबतात. वार्षिक विवरण एफसी-४ दर ३१ डिसेंबरपर्यंत. वर्षभरात एक पैसाही आला नसला तरी भरायचं.

परदेशातल्या मराठी मंडळींकडून मदत घेताना एक फरक लक्षात ठेवा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान नाही. तोच माणूस अमेरिकन नागरिक झाला असेल तर, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, ती विदेशी आहे. सख्ख्या भावांपैकी एकाची देणगी साध्या खात्यात चालते, दुसऱ्याची चालत नाही. म्हणून प्रत्येक पावतीसोबत पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत मागा. त्यांना वाईट वाटलं तरी मागा.

सरकारी बाजूची परवानगी

मुंबईत मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था, बाकी राज्यात महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था. जिल्ह्यात डापकू (जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक) आणि जिल्हा शल्यचिकित्सक. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: तारीख चुकलेल्यांची यादी तुम्हाला कोण, किती दिवसांनी आणि कोणत्या स्वरूपात देईल, तुमचा माणूस सेंटरमध्ये कुठे बसेल, आणि रुग्णाची संमती कोण घेईल.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यानुसार विश्वासाने कळलेली एचआयव्ही स्थिती त्या व्यक्तीच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि संमती मिळाल्याची लेखी नोंद लागते. म्हणून संमतीपत्र सेंटरवर, गोळी सुरू होतानाच भरून घ्यायचं, आणि त्यात एकच मोठा 'होय' नको. फोन चालेल का, कोणत्या वेळी. घरी आलेलं चालेल का. घरी न चालल्यास कुठे भेटायचं. घरात कोणाला माहीत आहे. चार वेगळ्या चौकटी. पुष्कळ जण फोनला हो म्हणतात आणि घरभेटीला नाही. ती 'नाही' पाळली तर सहा महिन्यांनी ते स्वतःहून घरी बोलावतात.

फोन, भेट, गोळ्या मोजणं

सोमवारी सकाळी सेंटरकडून ड्यू लिस्ट, म्हणजे गोळ्यांची तारीख आलेल्यांची आणि चुकलेल्यांची यादी, घ्या. तारीख चुकून तीन दिवस झाले की पहिला फोन. उशीर केला तर हातातल्या जादा गोळ्याही संपतात.

फोन दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचं हे त्या व्यक्तीशीच आधी ठरवून ठेवा. कोणी सांगतं 'बचत गटातून बोलतेय म्हणा', कोणी 'शिलाई मशीनच्या हप्त्याचं म्हणा'. ठरलेलं वाक्य त्या व्यक्तीच्या नावाऐवजी वापरायच्या कोड क्रमांकासमोर लिहा. नसेल ठरलं तर एवढंच: "ताई आहेत का? नंतर करते." संस्थेचं नाव नाही, निरोप नाही, व्हॉट्सॲपवर काहीच नाही. व्हॉट्सॲप घरातली चौथीतली मुलगीही वाचते. वेगवेगळ्या वेळी तीन फोन करा: सकाळी आठच्या आत, दुपारी, संध्याकाळी सातनंतर. शेतमजूर दुपारी फोन उचलत नाहीत आणि कार्यकर्ता मात्र तिन्ही फोन अकरा ते बारात करून 'संपर्क झाला नाही' लिहून मोकळा होतो. म्हणून रजिस्टरमध्ये वेळेचा रकाना हवाच.

भेटीला जाताना ओळखपत्र पिशवीत, गळ्यात नाही. दुचाकीवर स्टिकर नाही. भागीदाराचा लोगो छत्री, टोपी, पिशवी कशावरही नको. करारात बहुधा 'दृश्यमानता' नावाचं कलम असतं, त्यात क्षेत्रातल्या साहित्याला सूट असं वाक्य घालून घ्या. कारण सांगितलं की दाते बहुतेक मान्य करतात. आणि पत्ता सापडला नाही तर शेजारी विचारत फिरायचं नाही. पुष्कळांनी पत्ता मुद्दामच चुकीचा दिलेला असतो. 'पत्ता चुकीचा' हा निकाल म्हणून नोंदवा आणि थांबा.

घरात बसल्यावर आधी गोळ्या मोजा, उपदेश नंतर. हिशेब सोपा आहे. ९० गोळ्या दिल्या, ८५ दिवस झाले, उरायला हव्यात ५. उरल्या ९. म्हणजे चार चुकल्या. ८५ पैकी ८१, साधारण ९५ टक्के, अगदी काठावर. महिन्याला एकापेक्षा जास्त गोळी चुकायला लागली की लक्ष घालायचं. दोन ठिकाणी मोजणी फसते. मागच्या बाटलीतल्या गोळ्या नव्या बाटलीत ओतलेल्या असतात, तेव्हा आकडा उगाच वाढतो. उलट, रागावतील म्हणून लोक उरलेल्या गोळ्या टाकून देतात आणि बाटली बरोब्बर जुळते. दर वेळी बरोब्बर जुळणाऱ्या बाटलीकडे संशयाने नाही पण कुतूहलाने पाहा. "मागच्या आठवड्यात कोणती चुकली?" असं विचारा. "चुकली का?" असं विचारलं की उत्तर 'नाही' ठरलेलं.

बाटलीच्या आवाजाची तक्रार फार ऐकू येते. एकत्र कुटुंबात गोळ्या खुळखुळल्या की प्रश्न येतात, म्हणून बायका गोळ्या प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून धान्याच्या डब्यात ठेवतात. पावसाळ्यात त्या ओल धरतात. मूळ बाटली आणि त्यातली ओल शोषणारी पुडी राहू द्यावी, मोकळ्या जागेत स्वच्छ कोरडा कापूस भरावा. आवाज जातो. प्रवासाला दोन-तीन दिवसांच्या गोळ्या वेगळ्या काढायला हरकत नाही.

कार्यकर्त्याने औषध बदलायचं नाही, पण गोळीबद्दल एवढं माहीत हवंच. बहुतेकांना टीएलडी असते: टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्ह्युडिन ३०० मिग्रॅ, डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ, रोज एकच गोळी. डोल्युटेग्राविर लोह, कॅल्शियम आणि पित्ताच्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या औषधांशी बांधली जाते आणि अंगी लागत नाही. पित्ताच्या औषधाआधी दोन तास किंवा नंतर सहा तास अंतर हवं. गरोदर बाईला उपकेंद्रातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात आणि ती सगळ्या एकदमच, उपाशीपोटी घेते. तिला सांगा की एआरटीची गोळी रात्री आणि या गोळ्या सकाळी, किंवा एकत्र घ्यायच्या तर जेवणासोबत. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती दिवसाला १,००० मिग्रॅच्या वर जात नाही ना, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं की डोल्युटेग्राविरची आणखी एक ५० मिग्रॅची गोळी १२ तासांनी लागते. टीबीची औषधं तालुक्याला आणि एआरटी जिल्ह्याला, त्यामुळे एकीकडच्याला दुसरीकडचं कळत नाही. ही जादा गोळी राहून जाणं ही घरभेटीत सहज पकडता येणारी चूक आहे.

प्रत्येक भेटीत चार प्रश्न: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. एक जरी 'हो' असलं तरी टीबीची तपासणी. न थांबणारी डोकेदुखी आणि उलट्या, विशेषतः सीडीफोर २०० च्या खाली असताना, म्हणजे त्याच दिवशी रुग्णालय. 'पित्त झालंय' म्हणून दोन दिवस वाट पाहू नये, मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग असू शकतो.

व्हायरल लोड उपचार सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा. १,००० किंवा त्याहून जास्त आला तर विशेष समुपदेशन आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. या तीन महिन्यांत घरभेट सगळ्यात जास्त कामाला येते, कारण गोळी का चुकते ते सेंटरच्या खुर्चीवर कोणी सांगत नाही. रात्रपाळी, दारू, नवऱ्याला न सांगणं, आणि कधीकधी नुसतं 'बरं वाटतंय आता'.

ऊसतोड आणि सहा जणांचा गट

बीडकडून सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या टोळ्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. भागीदाराचा आराखडा महिना-महिना सारखा पडलेला असतो; तुमचा तसा असू नये. दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस यादी काढा. कोण जाणार, कोणत्या कारखान्यावर, मुकादमाला काही माहीत आहे का (बहुधा नसतं, आणि नसू दे). निघण्यापूर्वी तीन महिन्यांच्या गोळ्या, उपचाराच्या नोंदींची हिरवी पुस्तिका सोबत, आणि जिथे कोपी (ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी) पडणार तिथल्या एआरटी सेंटरच्या समुपदेशकाशी फोनवर बोलणं. तीन महिने संपतात जानेवारीत, आणि तेव्हा तोडणी ऐन जोरात असते. खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. म्हणून जानेवारीतली गोळी कोण आणणार हे ऑक्टोबरमध्येच ठरवा.

याला एक बाहेरचा नमुना उपयोगी पडतो. मोझांबिकच्या टेटे प्रांतात २००८ मध्ये 'सीमाविरहित डॉक्टर' या संस्थेने रुग्णांचे गट सुरू केले: जास्तीत जास्त सहा जण, दर महिन्याला एकाने दवाखान्यात जायचं, स्वतःची तपासणी करायची आणि सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. प्रत्येकाला सहा महिन्यांतून एकच फेरी. आपल्याकडे हे करायचं तर सेंटरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची लेखी संमती लागते, आणि गट लोकांनी स्वतः जुळवलेला असावा लागतो. कार्यकर्त्याने यादीतून सहा नावं उचलून गट केला तर त्यात कोणाचा तरी चुलतभाऊ निघतो. एका गावापेक्षा एका रस्त्यावरच्या तीन-चार गावांतले लोक असले तर गट टिकतो.

प्रवासाबद्दल एक. एसटीत एचआयव्हीसह जगणाऱ्यांना मोफत प्रवासाची सवलत आहे. पण कार्ड दाखवायचं कंडक्टरला, गावच्याच गाडीत, सगळ्यांसमोर. म्हणून पुष्कळ जण तिकीट काढतात. अंदाजपत्रकात रुग्णांच्या प्रवासाची ओळ ठेवा, 'सरकारी सवलत उपलब्ध' असा शेरा आला तर हे कारण द्या.

हिशेब

तुमचं वर्ष एप्रिल ते मार्च. युरोपी भागीदाराचं बहुधा जानेवारी ते डिसेंबर, अमेरिकी सरकारी पैशाचं ऑक्टोबर ते सप्टेंबर. पहिल्या दिवसापासून खर्चाची नोंद महिनावार ठेवा, म्हणजे कोणतंही वर्ष जुळवता येतं.

करार डॉलरमध्ये असेल तर विनिमयाचा फरक कोणाचा हे लिहून घ्या. ६०,००० डॉलरच्या कराराचं अंदाजपत्रक ८३ रुपयांनी केलं आणि हप्ते ८० ने आले तर १,८०,००० रुपये कमी पडतात. रुपया घसरला तर उलट जास्त येतात, आणि तेव्हा ते परत मागितले जातात किंवा कुठे वापरायचे यावर पत्रव्यवहार चालतो. 'पाच टक्क्यांपर्यंतचा फरक घरभेटींच्या ओळीत वळवता येईल' असं एक वाक्य दोन्हीकडची डोकेदुखी वाचवतं.

दुचाकीचा खर्च अंदाजाने लिहू नका. चार घरांचा फेरा सरासरी ४० किलोमीटर, १८ दिवस, म्हणजे ७२० किलोमीटर. पेट्रोल आणि झीज धरून किलोमीटरला ५ रुपये, तर माणशी ३,६०० रुपये महिना. इथे कात्री लागली की घरभेटी कमी होत नाहीत, कागदावरच्या होतात.

हप्ता उशिरा येतो हे गृहीत धरा. अहवाल, त्यावरचे प्रश्न, मंजुरी, बँक. दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम स्थानिक देणग्यांतून, वेगळ्या खात्यात ठेवा.

अहवाल आणि फोटो

'किती लोकांपर्यंत पोहोचलो' हा आकडा मोठा दिसतो आणि काहीच सांगत नाही. त्याऐवजी द्या: तारीख चुकलेले किती, त्यातले २८ दिवसांत परत आलेले किती, सहा महिन्यांनी त्यातले उपचारावर असलेले किती, आणि उरलेल्यांचं काय झालं. शेवटच्या प्रश्नाचे रकाने आधीच ठरवा: दुसऱ्या सेंटरला गेले, स्थलांतर, मृत्यू, नकार, पत्ता चुकीचा. हे सगळं 'संपर्क नाही' मध्ये टाकलं की मेलेल्या माणसाच्या घरी तीन महिन्यांनी पुन्हा फोन जातो.

'सुटलेला रुग्ण' कोणाला म्हणायचं याचे दिवस अमेरिकी निधीच्या पद्धतीत २८ धरले जात, सरकारी रजिस्टरची व्याख्या वेगळी असू शकते. दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत ठेवा. एकाच अहवालात मिसळले की वर्षअखेरीला गळती वाढल्यासारखी दिसते आणि खुलासे द्यावे लागतात.

नावं आणि कोड यांची वही एकच, कुलपात. लॅपटॉपवर फक्त कोड. गाव, वय, व्यवसाय, मुलांची संख्या एका ओळीत आलं की नावाची गरज उरत नाही, गाव कळतंच. म्हणून परदेशी जाणाऱ्या फायलीत तालुक्याच्या खाली जाऊ नका. फोटोचा आग्रह झाला तर हाताचा, बाटलीचा, रस्त्याचा फोटो द्या. चेहरा धूसर करून चालत नाही, साडी आणि मागची भिंत ओळखू येते. भेटीला आलेल्या पाहुण्यांना घरी नेऊ नका. गावात परदेशी माणूस एखाद्याच घरी आला की महिनाभर चर्चा होते. त्यांना एआरटी सेंटर दाखवा, आणि लोकांना भेटायचं असेल तर स्वखुशीने येणाऱ्यांना तुमच्या कार्यालयात बोलवा, येण्या-जाण्याचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च देऊन.

निधी थांबला तर

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी स्थगित केली आणि काम थांबवण्याची पत्रं काही दिवसांतच निघाली. त्या निधीवर चालणारी ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीची मित्र क्लिनिकं हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात बंद झाली. नोटीस पीरियड वगैरे काही नव्हतं. सरकारी सेंटरवरून गोळी घेणाऱ्यांची गोळी मात्र चालू राहिली.

म्हणून करारात ६० ते ९० दिवसांच्या बंद-कालावधीचा खर्च मागा: पगार, फोन, कागदपत्रं. प्रत्येक दाता मान्य करत नाही, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. दुसरं, दर तिमाहीला एक 'हस्तांतर यादी' अद्ययावत ठेवा: कोड, पुढची तारीख, शेवटचा व्हायरल लोड, ठरलेलं फोनवाक्य, संमतीच्या चार चौकटी. ही यादी डापकू किंवा जवळच्या काळजी व आधार केंद्राकडे कोणाला द्यायची त्या पदाचं नाव संमतीपत्रातच असावं. नसेल तर बंदच्या आठवड्यात शेकडो लोकांची नव्याने संमती घ्यावी लागते आणि ते होत नाही. तिसरं, भागीदाराकडून पहिल्या वर्षी १०० टक्के घेतलेला पगार दुसऱ्या वर्षी ८० आणि तिसऱ्या वर्षी ६० टक्क्यांवर आणा. उरलेलं कारखान्याच्या सीएसआरमधून (कंपनीने सामाजिक कामासाठी द्यायच्या निधीतून), स्थानिक देणग्यांतून, काही ठिकाणी जिल्हा नियोजनातून. सीएसआर समित्यांच्या बैठका बहुधा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला होतात, म्हणून प्रस्ताव फेब्रुवारीतच तयार ठेवा, आणि त्यात गोळ्यांचा नाही, दुचाकीच्या ७२० किलोमीटरचा हिशेब द्या.